धूरवाले भाऊ

आमच्या गावाला आडनाव आहे. बुलडाण्याकडे धामणगाव बढे आहे, अचलपूरकडे धामणगाव गढी आहे, आणि आमचं धामणगाव रेल्वे. भुसावळहून निघालेली जीआयपीची लाईन 1867 साली नागपूरला पोचली, आणि वऱ्हाडाचा कापूस गाडीत बसून मुंबईला जायला लागला. पुढे जिनिंग आले, प्रेस आले, भोंगे आले. कोळशाच्या धुरात गाव वाढलं. मग एक दिवस तारा आल्या, इंजिनं विजेवर चालायला लागली आणि स्टेशनावरचा धूर कायमचा गेला.

तो परत आणायचं काम भाऊंनी अंगावर घेतलं. तेही विजेवरच.

भाऊ पणन महासंघात ग्रेडर होते. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 साली सुरू झाली. भाऊ तिच्यात जरा उशिरा, ऐंशीच्या दशकात लागले, पण लागले ते असे, की योजना गेली तरी भाऊंच्यातला ग्रेडर गेला नाही. हंगामात खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची. भाऊ प्रत्येक बंडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढायचे, कारण वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात. चिमूट दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, लांबी बघायची, मुठीत दाबून ओलावा बघायचा, उजेडाकडे धरून पांढरेपणा बघायचा आणि शेरा द्यायचा. शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम त्या एका शेऱ्यावर. भाऊंनी कधी कोणाचा चहा घेऊन शेरा बदलला नाही, हे गाव आजही सांगतं. चहालाही त्यांनी शेरा दिला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

निवृत्तीनंतर ही बोटं रिकामी झाली. मग भाजी, पेपर, पाऊस, भाषणं, सगळ्यांना ग्रेड लागू लागले. थोरल्या मुलीसाठी पाहून गेलेल्या एका स्थळाबद्दल भाऊ म्हणाले होते, "पोरगं लांब धाग्याचं हाये, पन ओलावा जास्त वाटते." ते स्थळ बारगळलं. दुसऱ्याला 'एफएक्यू' मिळालं, म्हणजे बरी, सरासरी प्रत, आणि तेच जावई झाले. जावईबापूंना आजतागायत या अक्षरांचा अर्थ कोणी सांगितलेला नाही.

असा माणूस घरात बसला की उपकरणं यायला लागतात. उपकरणांची हौस पुष्कळांना असते, पण त्यात दोन जाती आहेत. एक जात दुकानात जाते, पैसे देते, वस्तू आणते आणि आठवडाभरात विसरते. भाऊ दुसऱ्या जातीचे. त्यांना वस्तू आवडते, किंमत आवडत नाही. त्यांच्या हिशोबात स्वस्त म्हणजे कमी पैशाचं नव्हे. दुकानदाराला जिच्यातून एक रुपयाही नफा मिळाला नाही, ती वस्तू स्वस्त. मग घरी ती करताना दुप्पट पैसे गेले तरी चालतात. सूर्यचूल त्यांनी अशीच घरी केली होती, आरशाची काच आणून. तिच्यात वरण शिजलं होतं. डाळ सकाळी टाकली होती आणि जेवण रात्री झालं, एवढंच. पोळी करायचं यंत्र मात्र विकतचं होतं. त्यातून निघालेल्या पोळीला भाऊंनी स्वतःच 'रिजेक्ट' दिलं, यावरून त्यांचा निःपक्षपातीपणा लक्षात यावा.

धुराचं वेड मोबाईलमधून आलं. टेक्सासमधला एक ढेरपोट्या माणूस अंगणात लोखंडी कपाट ठेवून, त्याची वायर भिंतीतल्या प्लगला लावून, आत ताटभर काहीबाही टांगायचा आणि चार-पाच तासांनी ते तपकिरी होऊन बाहेर यायचं. खाली विजेचं कॉइल, त्यावर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, मध्ये पाण्याचं भांडं, वर जाळ्या. जाळ कुठे नाही. सव्वादोनशे फॅरेनहाइटला, म्हणजे आपल्या एकशे सात अंशांना, सगळं निवांत धुरावत राहतं. भाऊंना आत टांगलेल्या मांसाशी काही कर्तव्य नव्हतं, त्यांच्या घरात अंडंही येत नाही. त्यांनी पाहिलं ते कपाट. आणि टेक्सास.

"टेक्सास म्हंजे अमेरिकेचं वऱ्हाडच समज," एका संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला सांगू लागले. "अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस तिथंच होते. ऊन तसंच. त्यांच्यात 1861 मधे लढाई जुंपली, तिकडचा कापूस इंग्लंडाले जाचा थांबला, तवा आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. आपले लोक अन् थे लोक जुने भाईबंद हायेत."

"पण भाऊ, धुराचं काय?"

"थेच सांगून राह्यलो. थो मानूस धुरासाठी मेस्किटचं लाकूड वापरते. मेस्किट म्हंजे काय? आपल्या वेड्या बाभयीची सख्खी चुलत बहीन."

हे खरं होतं. मेस्किट आणि वेडी बाभूळ एकाच कुळातली, दोघीही मूळच्या अमेरिकेकडच्या. इकडची बहीण रुळाकाठी काटे पसरून उभी असते, बकऱ्या तिच्या शेंगा खातात आणि माणसं तिला शिव्या देतात. तिकडच्या बहिणीच्या पावभर ढलप्या पाकिटात भरून ऑनलाइन विकायला होत्या. ती किंमत वाचून भाऊंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि त्याच क्षणी ठरवलं की धूरयंत्र करायचं. इतका मोठा नफा कोणाला तरी मिळतो आहे, हे कळल्यावर त्यांना स्वस्थ बसवत नाही.

यंत्राचं कपाट कशाचं करायचं यावर पंधरवडाभर खल झाला. जुन्या कूलरचा सांगाडा पडला होता. त्यावर बडनेऱ्याला इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या म्हणाला, तो पत्रा जस्ताचा, फार तापला तर जस्ताची वाफ निघते, खाण्याच्या जिनसाजवळ नको. जुना फ्रीज होता, त्यात आतून प्लास्टिक. मग भाऊंची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली. तिथे गव्हाची कोठी होती. स्टेनलेस स्टीलची, कंबरभर उंच, कडीच्या झाकणाची, वहिनींच्या लग्नात माहेरहून आलेली.

वहिनी त्या आठवड्यात माहेरी गेल्या होत्या. अशा कामांचे मुहूर्त असेच निघतात. गहू पोत्यात गेला, कोठी कूलरवाल्याकडे गेली. दिवाळीनंतर आमच्याकडे कूलर बनवणाऱ्याइतका रिकामा माणूस नसतो, त्यामुळे त्याने मजुरी घेतली नाही. नुसतं बसून पाहायचं, एवढ्यावर तो खूश होता. तळाशी वायरीचं भोक पडलं, झाकणाला धूर निघायचं भोक पडलं, त्यावर सरकती चकती बसली. आत हजार वॅटची कॉइलची शेगडी, शेगडीवर लोखंडी तवा, त्याच्यावर पाण्याची परात, वर पापड भाजायच्या दोन जाळ्या. शिवाय काट्याचा थर्मामीटर. आणि शेजारी वही. वहीत रकाने आखलेले: तारीख, पदार्थ, लाकूड, तपमान, तास, शेरा.

वहिनी परत आल्या. कोठीकडे पाहिलं, तिच्यातून आलेल्या वायरीकडे पाहिलं. भाऊंनी यंत्र काय करतं ते समजावलं. वहिनींनी पिशवी खाली ठेवली.

"अवो, लग्न झाल्यापासून वीस वर्सं चुलीचा धूर गियला मी. डोये गेले माह्ये फुकनी फुकू फुकू. गॅस आला तवा देवापुढं नारय फोडला. अन् आता तुम्ही थोच धूर लाईटबिल भरून घरात आनून राह्यले?"

याला भाऊंजवळ उत्तर नव्हतं आणि खरं म्हणजे कोणाजवळच नसावं. ऐंशीच्या दशकात सरकारने निर्धूर चुली वाटल्या, 2016 साली उज्ज्वला योजनेत सिलिंडर वाटले, सगळा आटापिटा बाईच्या डोळ्यांतला धूर काढायचा. तो एकदाचा गेला, तेव्हा पुरुषांना त्याची आठवण यायला लागली. ज्याने कधी फुंकणी हातात धरली नाही, त्यालाच चुलीवरच्या चवीचे उमाळे फार येतात. ढाब्यांच्या पाट्याही तेच सांगतात. पण हे मी वहिनींच्या बाजूने बोलतो आहे असं भाऊंना कळलं तर मला त्यांच्या ताकाला मुकावं लागेल, म्हणून पुढे जातो.

पहिला मान वांग्याचा. वऱ्हाडात धूर म्हटलं की भरीतच. तुराट्यांच्या नाहीतर पऱ्हाट्यांच्या जाळावर काळीठिक्कर भाजलेली वांगी, वरून कांद्याची पात, हिरवी मिरची, कच्चं तेल. भाऊंनी ढलप्या रात्रभर पाण्यात भिजवल्या होत्या, कारण टेक्सासवाला भिजवत होता. सकाळी बटण दाबलं. गल्लीतली पोट्टी जमली. पंधरा मिनिटांनी झाकणाच्या भोकातून पांढरा लोट निघाला. जाड, दाट, थेट कौलांपर्यंत.

"पाय कसा पांढराफेक!" भाऊ हरखले. "सुपर क्वालिटी!"

इथेच घोळ होता. आयुष्यभर त्या माणसाने पांढऱ्याला वरचा ग्रेड दिलेला. कापूस जितका पांढरा तितका चांगला. पिवळट आला, करडा आला की भाव पाडायचा. धुराचं नेमकं उलट असतं, हे त्यांच्या बोटांना कोणी शिकवलं नव्हतं. तो पहिला लोट तर धूरही नव्हता, भिजवलेल्या ढलप्यांची वाफ होती. लाकडात पाणी आतपर्यंत जातच नाही, वरवर राहतं, आधी ते उडतं आणि मग कुठे लाकूड धुमसायला लागतं. भाऊंनी मात्र वाफेला शेरा देऊन टाकला.

त्यात दुसरी गोष्ट झाली. चांगला माल बाहेर चालला आहे हे पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. "चार युनिट जायून काढलेला धूर लोकायच्या अंगनात कायले सोडू?" असं म्हणून त्यांनी चकती पुरती बंद केली.

चार तासांनी झाकण उघडलं. आतल्या बाजूने काळे, चिकट थेंब लोंबत होते आणि टपटप वांग्यांवर पडत होते. वांगी तपकिरी, सुरकुतलेली, पण सालपट शाबूत. भाऊंनी पहिला घास घेतला, आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आम्ही घेतला, आणि आम्हीही बोललो नाही, कारण जीभ बधिर झाली होती.

"बिबा घातला का त्याच्यात?" वहिनींनी विचारलं.

सुट्टीत आलेल्या पुतण्याने रोग शोधला. हवा कोंडली आणि लाकूड नुसतं कुढत जळलं, तर अर्धवट जळालेला जड धूर निघतो, तो पांढरा दिसतो. त्यातलं डांबर गार झाकणाला लागून पाझरतं, कडूपणा त्याचा. भोक उघडं ठेवायचं, ढलप्या कोरड्या आणि थोड्या टाकायच्या, तवा चांगला तापू द्यायचा. मग लाकडातल्या लिग्निनमधून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं सुटतात. आपण ज्याला धुराचा खमंगपणा म्हणतो तो यांचा. असा धूर पातळ असतो, निळसर दिसतो. कधी दिसतच नाही, नुसता वास येतो.

भाऊ खचले. निळा? आणि दिसतच नाही?

"दिसत नाई त्याले ग्रेड कसा द्याचा बापा?"

दोन दिवस ते ओट्यावर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवा सिद्धांत घेऊन. कापसात आठ टक्के ओलावा धरतात, बारापर्यंत पैसे कापून घेतात, त्यापुढे माल परत. ढलप्यांनाही तोच नियम लावायचा. मग त्यांनी लाकडाची प्रतवारी सुरू केली. मोरशीच्या नातेवाइकाकडून संत्र्याच्या छाटणीच्या फांद्या मागवल्या, परसातल्या जांबाच्या वाळल्या फांद्या तोडल्या, वेडी बाभूळ होतीच. कोणीतरी आरामशीनचा भुसा आणून दिला, तो त्यांनी हुंगून परत केला, "याच्यात प्लायवूड हाये, डिंकाचा वास येते." नाल्याकाठचं बेशरम घेऊन आलेल्या पोराला तर हाकलूनच दिलं. ते विषारी, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण त्या शेंबड्या पोराला नव्हतं. एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की लाकूड पारखण्यात भाऊ चुकले नाहीत. संत्र्याचा धूर गोडसर, जांबाचा त्याहून मवाळ, बाभळीचा उग्र. हे त्यांनी वहीत लिहिलं आहे आणि कोणीही जाऊन ताडून पाहावं.

कडूपणा गेला. तरी भरीत जमेना. कारण साधं होतं. कोठी एकशे दहा अंशांच्या वर जातच नव्हती, आणि तेवढ्यात वांगं शिजतं, सुकतं, पण भाजत नाही. भरिताचा वास लाकडाच्या धुराचा थोडा आणि जळलेल्या सालीचा फार. त्याला जाळच लागतो. पाच तास कोठीत बसलेल्या वांग्याशेजारी वहिनींनी एकदा मुद्दाम गॅसवर वांगं भाजून ठेवलं. दहा मिनिटं लागली त्यांना. दोन्ही ताटं भाऊंपुढे ठेवून त्या निघून गेल्या. भाऊंनी वहीत लिहिलं: नमुना क्रमांक दोन बाहेरचा, स्पर्धेत धरला नाही.

बाकी बऱ्याच गोष्टी जमल्या, त्या भराभर सांगतो. पनीर चांगलं झालं. शेंगदाणे फार चांगले झाले. सगळ्यात छान झालं मीठ. जाडं मीठ ताटलीत पसरून दोन-तीन तास ठेवायचं, मधून हलवायचं, बस. मिठात बिघडण्यासारखं काही नसतं, म्हणून भाऊंचाही इलाज चालला नाही. ते मीठ ताकात घातलं की कोळशावर तूप टाकून धुंगार दिल्याचा वास येतो. भाऊ कागदाच्या पुड्या बांधून ते वाटायला लागले. लग्नात आहेराच्या पाकिटासोबत एक पुडी. एका नवरदेवाच्या मामाने ती विभूती समजून कपाळाला लावली.

मग मिरची आली.

वर्षाचं तिखट करायचे दिवस होते. घरोघर गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. भाऊंनी वाचलं की मेक्सिकोत पिकलेल्या लाल मिरच्या धुरावर वाळवतात, त्यांना चिपोटले म्हणतात, आणि जगभर त्या महाग विकल्या जातात. 'महाग' हा शब्द वाचून भाऊ पुन्हा अस्वस्थ झाले. भिवापुरी मिरची आणली, देठं काढली, दोन्ही जाळ्या गच्च भरल्या. आता पापडाची जाळी आणि देठ काढलेली सडपातळ मिरची यांचं गणित कोणालाही कळावं. कोठी हलवून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवताना पाचपन्नास मिरच्या खाली उतरल्या. काही परातीत पडल्या, बाकीच्या परात चुकवून तव्यावर, आणि काही थेट कॉइलवर.

पहिला खोकला समोरच्या घरातून आला. मग शेजारून. मग कोपऱ्यावरच्या शिकवणीतली सगळी पोरं दप्तरं टाकून रस्त्यावर आली. दूधवाला सायकल आडवी टाकून शर्टाने तोंड झाकून पळाला. गल्लीतलं कुत्रं शिंकताना मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं. भाऊ स्वतः डोळ्यांवर ओला पंचा बांधून बटण शोधत होते आणि बटण सापडत नव्हतं, तेव्हा लाईन गेली. वीज जाण्याबद्दल आमच्या गावाने एरवी इतके शिव्याशाप दिले आहेत, त्या दिवशी मात्र लोकांनी हात जोडले.

धूर निवल्यावर पलीकडच्या म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या. दारात उभं राहून त्यांनी वहिनींना विचारलं, "काय वो सूनबाई, कोनाले लागली एवढी नजर? पाच मिरच्यात नाई उतरली?"

आमच्याकडे नजर काढून मिरच्या इस्तवात टाकतात. ठसका आला नाही, तर नजर लागली होती असं समजायचं. ठसका लागला तर काही नव्हतं. वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"नाई वो माय. साऱ्या गल्लीले ठसका लागला. म्हंजे ह्यायच्या कोठीले कोनाचीच नजर नाई. लागन तरी कोनाची?"

उन्हाळ्यात भाऊंनी गार धुराचा प्रयोग काढला. चीजला धूर द्यायचा तर तो तीस अंशांच्या आत असावा लागतो, नाहीतर चीज वितळतं. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, आणि तीसच्या खाली फक्त एटीएमची खोली असते. एटीएममध्ये कोठी नेता येत नाही, भाऊंनी रखवालदाराला विचारून पाहिलं होतं. परातीत पाण्याऐवजी बर्फ ठेवून बघितला. चीज खाली, बर्फाच्या पाण्यात आलं. शेरा: नैसर्गिक आपत्ती.

पुढच्या पौषात भाऊंच्या धाकट्या भावाने वर्धेकडच्या वावरात रोडग्यांचं जेवण ठरवलं. रात्री रोडगे, तिथेच मुक्काम, सकाळी हुरडा. रोडगे म्हणजे जाड कणकेचे पदर घालून वळलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची रस्सेदार भाजी. त्यात विजेचं काही काम नसतं. तरी ऑटोत बायकांच्या आधी कोठी बसली. गोवरीचा धूर आणि कोठीचा धूर शेजारीशेजारी ठेवून एकदाचा तौलनिक निकाल लावायचा, असा भाऊंचा विचार होता.

वावरात वायरमनने मोटारीच्या स्टार्टरपेटीतून एक फेज काढून दिला. भाऊंनी तव्यावर ढलप्या रचल्या, वांगी जाळीवर मांडली, वही उघडली, बटण दाबलं. काही झालं नाही.

"भाऊ, या हप्त्यात लाईन रातची हाये," वायरमन म्हणाला. शेतीची वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे भाऊ गावात राहून विसरले होते.

तोवर आर पडला होता. बायका पदर खोचून रोडगे पुरत होत्या, बाजूला तुराट्यांचा जाळ करून कोणी भाऊंचीच वांगी जाळीवरून उचलून भाजायला घेतली. भाऊंनी हरकत घेतली नाही. ते धुराच्या वाऱ्याखाली जाऊन उभे राहिले, नाक वर करून हुंगत, डोळ्यांतून पाणी गळत. "गोवरीचा धूर आखूड धाग्याचा असते," असं काहीतरी ते म्हणाले, पण पहिला रोडगा फुटला होता आणि ऐकायला कोणी उरलं नव्हतं. त्या रात्री भाऊंनी चार रोडगे खाल्ले. हिशोब मी ठेवला नव्हता, वहिनींनी ठेवला होता.

उरलेले रोडगे वहिनींनी कुत्र्यांपासून वाचावेत म्हणून कोठीत जाळीवर ठेवले, घाम सुटू नये म्हणून झाकण जरा तिरपं सोडलं आणि त्या झोपायला गेल्या. बटण चालूच राहिलं होतं, ते कोणाच्या ध्यानात नव्हतं.

रात्री केव्हातरी लाईन आली. आसपासच्या वावरांतल्या मोटारी आपोआप घरघरायला लागल्या, आणि कोठीही.

सकाळी हुरड्यासाठी उठलो तर वाऱ्यावर वेगळाच वास होता. वहिनींनी झाकण उचललं. रोडगे बदामी झालेले, वरून कुरकुरीत. एक फोडला, आत पदर सुटे, आणि पदरापदरात धूर. डोळ्यांत न जाणारा, जिभेवर थोडा वेळ राहणारा. दही होतं, जवसाची चटणी होती. हुरड्याकडे तासभर कोणी फिरकलं नाही. भाऊंनी एक तुकडा तोंडात घेतला, डोळे मिटले, दुसरा बोटांत धरून उजेडाकडे केला, आणि धावत जाऊन वही आणली.

"लाईन किती वाजता आली?"

ओलीत करणारा म्हणाला, "बारा वाजता असन. नाईतं एक. मंधात दोनदा गेल्ती बी."

"काटा कितीवर होता?"

काटा कोणी पाहिला नव्हता. तव्यावर काय जळलं होतं तेही कळेना, कारण संत्रा, जांब एकत्र झालं होतं आणि पोरांनी त्यात तुराट्यांचे तुकडे टाकले होते. भाऊ वहिनींकडे वळले.

"झाकन किती उघडं ठेवलं होतं तू? बोटभर का दोन बोटं? आठव."

"मले काय मालूम? मी झोपली होती."

भाऊंनी तारीख लिहिली, पदार्थ लिहिला, लाकूड, तपमान आणि तास हे रकाने कोरे सोडले. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं: सुपर. आणि वही वहिनींपुढे धरली.

"इथं सई कर. नमुना तुह्या नावावर."

"सई राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "कोठी वापस करा आंधी. वर्स झालं, माह्या गहू पोत्यात हाये."